फॉल्सेटोज आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतले आजोबा

विल्यम फिन गेले ती बातमी एप्रिल २०२५ मध्ये वाचली, तेव्हापासून हे लिहायचं लिहायचं म्हणतेय आणि राहूनच जातंय. आज रविवार आहे, घरात कोणी नाहीये, तर बसलेच शेवटी.

फिन म्हणजे 'फॉल्सेटोज' या म्युझिकलचे संगीतकार आणि गीतकार. मी ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर बघितलं डिसेंबर २०१६ मध्ये, वॉल्टर कर थिएटरला. मैत्रीण येणार होती ती ऐनवेळी आली नाही, म्हणून मी एकटीच, दुपारचा शो, वरच्या मजल्यावरची स्वस्तातली सीट. नाटकाबद्दल फार काही माहीत नव्हतं, गे माणसाची गोष्ट आहे आणि गाणी चांगली आहेत एवढंच ऐकलेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्विन नावाचा न्यूयॉर्कमधला ज्यू माणूस, त्याची बायको ट्रिना, मुलगा जेसन. मार्विन घर सोडून व्हिझर नावाच्या तरुणाबरोबर राहायला लागतो पण त्याला बायको, पोरगा आणि व्हिझर सगळे एकाच डायनिंग टेबलवर हवे असतात, आणि वर मार्विनचा मानसोपचारतज्ज्ञ मेंडेल ट्रिनाच्या प्रेमात पडून तिच्याशी लग्नच करतो. दुसऱ्या अंकात जेसनची बार मित्झ्वा ठरवायची असते, म्हणजे आपल्याकडची मुंजच समजा, कोणाला बोलवायचं, केटरर कोण, यावरून आईबाप असे भांडतात की मला आमच्या दादाच्या मुंजीच्या याद्या आठवल्या. आणि मग व्हिझर आजारी पडतो. जवळजवळ सगळं नाटक गाण्यातच आहे, सुटे संवाद अगदी थोडे.

आता खरी गंमत अशी की हे नाटक एका वेळी लिहिलेलंच नाही. पहिला अंक म्हणजे 'मार्च ऑफ द फॉल्सेटोज' हे १९८१ चं वेगळं छोटं नाटक, प्लेराइट्स होरायझन्स या न्यूयॉर्कमधल्या छोट्या थिएटरमध्ये झालेलं. त्याच वर्षी ३ जुलैला न्यूयॉर्क टाइम्समध्ये ४१ समलैंगिक पुरुषांना एक दुर्मिळ कॅन्सर झाल्याची बातमी आली होती, एड्सची ती सुरुवातीची चाहूल. म्हणजे १९८१ च्या सुरुवातीला ज्यांनी ते बघितलं त्यांच्यासाठी ती निव्वळ घराची, भांडणाची, प्रेमाची कॉमेडी होती, पुढे काय वाढून ठेवलंय हे ना लिहिणाऱ्याला माहीत ना बघणाऱ्याला. दुसरा अंक 'फॉल्सेटोलँड' आला १९९० मध्ये, पण तो घडतो १९८१ मध्येच. आणि १९९२ ला दोन्ही जोडून ब्रॉडवेवर आलं. तोपर्यंत प्रेक्षकातल्या किती जणांनी किती जणांना पोचवलं असेल कोण जाणे, त्यामुळे पहिल्या अंकातल्या ज्या विनोदांवर अकरा वर्षांपूर्वी लोक मोकळेपणाने हसले असतील त्याच विनोदांवर आता हसताना घशात काहीतरी अडकत असणार. शब्द तेच, चाल तीच, फक्त समोर बसलेल्यांचं मधल्या काळात सगळं बदलून गेलेलं.

टीकाकारांनी डोक्यावर घेतलं होतं. न्यूयॉर्क टाइम्सचे फ्रँक रिच १९८१ पासूनच या नाटकाच्या बाजूने उभे होते आणि ९२ लाही त्यांनी भरभरून लिहिलं. टोनीमध्ये, म्हणजे ब्रॉडवेच्या मानाच्या पुरस्कारांत, संगीत आणि संहिता दोन्ही पुरस्कार मिळाले (संहिता फिन आणि दिग्दर्शक जेम्स लपाइन यांची), सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा मात्र 'क्रेझी फॉर यू'ला गेला, जे गर्शविन या अमेरिकन संगीतकाराच्या जुन्या गाण्यांवर बांधलेलं छान हसतं-नाचतं प्रकरण होतं. मला त्याबद्दल राग नाही, पण त्या वर्षी लोकांना काय बघायला सोपं जात होतं ते त्यातून कळतं.

तर माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते, सत्तरीचे असतील, एकटेच, कोट मांडीवर घडी करून ठेवलेला. सुरुवातीपासून माझं अर्धं लक्ष त्यांच्याकडेच, कारण ते प्रत्येक विनोदावर सगळ्यांच्या आधी हसत होते. अगदी अर्धा क्षण आधी. म्हणजे त्यांना पुढची ओळ पाठ होती. ट्रिनाचं किचनमधलं गाणं आहे, सुरी हातात, भाज्याफळं कापता कापता बाईचा पार तोल सुटतो, स्टेफनी ब्लॉकने ते असं काही केलं की गाणं संपल्यावर टाळ्या थांबेचनात, आपल्याकडे असतं तर वन्स मोअर घ्यावाच लागला असता. आजोबा तेव्हा जागेवर उड्या मारत होते जवळजवळ.

पहिल्या अंकाच्या शेवटी मार्विन ट्रिनाच्या थोबाडीत मारतो. सगळ्या थिएटरने एकदम श्वास आत घेतला, तो आवाज मला अजून ऐकू येतो. आणि मला वाटतं फिनचं मोठेपण इथेच आहे. त्याने आपल्या गे नायकाला देवमाणूस केलं नाही. मार्विन हट्टी आहे, आपमतलबी आहे, लहान पोरासारखा वागतो, आणि हे १९८१ मध्ये लिहायला फार धीर लागतो कारण तेव्हा बाहेरचं जग गे माणसाला वाईट म्हणायला टपलेलंच होतं. पण त्यामुळेच पुढे त्याच्यावर वेळ येते तेव्हा आपण कुठल्या पुतळ्यासाठी रडत नाही, ओळखीच्या माणसासाठी रडतो.

मध्यंतरात माझ्या मागे दोन कॉलेजच्या मुली होत्या, त्या म्हणत होत्या किती क्यूट आहे हे, दुसऱ्या अंकात सगळे एकत्र येणार बघ. बरोबरच होतं त्यांचं, मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या अंकात मार्विन आणि व्हिझर रॅकेटबॉल खेळतात. पहिला खेळ एकदम मजेचा, एकमेकांना चिडवणं, व्हिझर जिंकतोय, लोक हसतायत. मागच्या मुली खिदळतायत. आणि मी बघितलं तर आजोबा गप्प. हात मांडीवरच्या कोटावर घट्ट धरलेले. अजून काहीच झालेलं नव्हतं! त्यानंतर बऱ्याच वेळाने शेजारची डॉक्टर शार्लट गाते की काहीतरी वाईट घडतंय, धडधाकट तरुण मुलं आजारी होऊन येतायत आणि का ते कोणाला कळत नाहीये, आणि मग दुसरा रॅकेटबॉल, त्यात व्हिझरला उभंच राहता येत नाही. मुली तिथे गप्प झाल्या. मी शार्लटच्या गाण्याला झाले होते. म्हणजे एकाच रांगेच्या आसपास बसलेल्या आम्ही चौघांनी तीन वेगवेगळ्या ठिकाणी तो आजार ओळखला, आणि ज्याने जे जगलंय त्याने ते सगळ्यात आधी ओळखलं. पूर्ण नाटकात त्या आजाराचं नाव एकदाही येत नाही. १९८१ ला नाव नव्हतंच, एड्स हा शब्द १९८२ चा.

२०१६ च्या प्रयोगावरही बहुतेकांनी चांगलंच लिहिलं, पण तक्रारी होत्या. करड्या ठोकळ्यांचा सेट, नट तेच ठोकळे उचलून त्याच्या खुर्च्या-टेबलं करतात, तो काहींना कोरडा वाटला. पहिला अंक फार धावतो म्हणाले. आणि एक जुनी तक्रार, की हे जवळजवळ सगळे गोरे, सुखवस्तू, शहरी लोक आहेत आणि शार्लट-कॉर्डेलिया या लेस्बियन जोडीच्या वाट्याला स्वतःचं असं फारसं काही येत नाही. सेटबद्दल मला पटत नाही, मला तो आवडला, जेसन घर मांडतो मोडतो तसंच वाटलं. शेवटची तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. शार्लटला एवढं मोठं गाणं देऊन तिच्या घरात डोकावायचं राहूनच गेलंय. (त्याच १९८१ साली मराठीत तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' आलं होतं, रोहिणी हट्टंगडींनी मित्रा केली होती, आणि त्यात ती लेस्बियन मुलगी नाटकाच्या मधोमध उभी होती. हे आपण फार कमी वेळा सांगतो.)

शेवटी जेसन ठरवतो की बार मित्झ्वा हॉस्पिटलच्या खोलीतच करायची, व्हिझरसमोर. सगळे येतात. पहिली बायको येते, तिचा नवा नवरा येतो, शेजारणी जेवण घेऊन येतात. मला तिथे पुढचं दिसेना.

कारण माझा मामा. १९९३, मुंबई, मी नऊ वर्षांची. मामा बँकेत होता, लग्न केलं नव्हतं. त्याला टीबी झालाय असं आम्हा मुलांना सांगितलेलं. त्याचा एक मित्र रोज संध्याकाळी चारला हॉस्पिटलमध्ये यायचा, हातात स्टीलचा डबा, आणि आमच्यापैकी कोणीतरी त्याला सांगायचं की आता घरचेच थांबतील. मग तो लिफ्टजवळच्या बाकावर बसायचा. मला पार्ले-जी द्यायचा. तेराव्याला त्याला कोणी बोलावलं नाही.

२०१८ च्या दिवाळीत डोंबिवलीला गेले होते. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल सप्टेंबरमध्येच लागलेला, आईने पेपरात वाचला होता पण त्यावर काही बोलली नव्हती. या प्रयोगाचं चित्रीकरण झालेलं आहे, ते मी तिला लॅपटॉपवर लावून दिलं. इंग्लिश, त्यातून इतकं भराभर गाणं, तिला निम्मं कळेना, मी मध्ये मध्ये थांबवून सांगत होते. हॉस्पिटलची खोली आली तेव्हा तिने विचारलं, "ही पहिली बायको ना गं? तीही आली?" म्हटलं हो. पुढे ती काही बोलली नाही, संपेपर्यंत बघितलं.

रात्री ओटा पुसताना म्हणाली, "तो पेज आणायचा. आमचा डबा तसाच परत यायचा, पण त्याने आणलेली पेज तुझा मामा शेवटपर्यंत खात होता."