टोलेडोला एक पोरगा आहे

डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल टीमच्या चाहत्याला कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर टोलेडोला राहतं. पहिल्या बेसवरचा गडी महिनाभर नुसता हवा कापतोय? टोलेडोला एक पोरगा आहे, आणा त्याला. पिचर पाचव्या इनिंगमध्येच धापा टाकतोय? टोलेडोला एक डावखुरा आहे म्हणे, भन्नाट वेगात टाकतो. डेट्रॉइटहून आय-75 धरून दक्षिणेला निघालं की साधारण 60 मैलांवर, मिशिगनची हद्द ओलांडून ओहायोत शिरल्या शिरल्या हे गाव लागतं. टायगर्सचे खेळाडू जिथं तयार होतात त्या तिथल्या खालच्या टीमचं नाव मड हेन्स. मड हेन म्हणजे आपल्याकडे तळ्यावर दिसणाऱ्या काळ्या वारकरी पक्ष्याची अमेरिकन चुलत बहीण. वाघ व्हायचं तर आधी काही दिवस चिखलातली कोंबडी व्हावं लागतं, असा इथला शिरस्ता.

मी या भागात आले ती गाड्यांच्या नोकरीमुळे, इथली बरीचशी मराठी मंडळी येतात तशीच. ऑफिसात दुपारी जेवताना शेजारच्या टेबलावरचं बोलणं कानावर पडायचं. 'करार संपायला अजून चार वर्षं आहेत, काढताही येत नाही.' 'वरच्यांना दिसत कसं नाही?' 'त्याच्या पगारात पाच नवी पोरं येतील आणि दुप्पट काम करतील.' मला वाटायचं, आमच्याच डिपार्टमेंटमधल्या कुणाची तरी खैर नाही. मी मान खाली घालून पोळी-भाजी संपवायचे. पुढे कधीतरी कळलं की विषय टायगर्सच्या शॉर्टस्टॉपचा, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या राहणाऱ्या फील्डरचा आहे. तेव्हापासून मी त्या टेबलावर बसायला लागले.

बेसबॉलचा सामना तीनेक तासांत संपतो. हंगामात प्रत्येक टीम असे 162 सामने खेळते. भांडण मात्र बारमाही चालतं, आणि ते खेळापेक्षा कचेरीचं जास्त असतं. टीमच्या यादीत 40 नावं, त्यातले 26 प्रत्यक्ष मोठ्या लीगमध्ये. उरलेल्यांपैकी बरेचसे खाली: फ्लोरिडात लेकलंड, मग ग्रँड रॅपिड्सजवळचे व्हाइटकॅप्स, मग पेनसिल्व्हेनियात ईरी, मग टोलेडो. यादीतल्या खेळाडूला साधारण तीन हंगाम न विचारता खालीवर पाठवता येतं. याला ऑप्शन म्हणतात. ते संपले की त्याला खाली धाडण्याआधी वेव्हरवर ठेवावं लागतं, म्हणजे बाकीच्या 29 टीमपैकी कुणीही त्याला उचलू शकतं. आणि मोठ्या लीगमध्ये पाच वर्षं काढलेला गडी तर सरळ 'नाही जात' म्हणू शकतो.

म्हणून चांगलं खेळणारा वर आणि वाईट खेळणारा खाली, इतकं ते सरळ नाही. ज्याला पाठवता येतं, तो जातो. जुना गडी कितीही चाचपडत असला तरी राहतो आणि परवा दोन होमरन मारलेला पोरगा बॅग भरतो, कारण त्याचे ऑप्शन शिल्लक आहेत. आमच्या टेबलावर बॅटिंगच्या आकड्यांच्या आधी ऑप्शन मोजले जातात. शिवाय दिवसांचा हिशेब वेगळाच. हंगामातले 172 दिवस वर काढले की नोकरीचं एक वर्ष धरतात, आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू हव्या त्या टीमकडे जायला मोकळा. शिकागो कब्जनी 2015 साली क्रिस ब्रायंट नावाचा पोरगा सरावाच्या सामन्यांत होमरनचा पाऊस पाडत असताना पहिले काही दिवस खाली ठेवला आणि 17 एप्रिलला वर आणला. वर्षअखेर त्याचे दिवस भरले 171. त्यानं दाद मागितली. निकाल 2020 मध्ये लागला, त्याच्या विरोधात. एवढा काटेकोर हिशेब आमचे बँकवालेसुद्धा करत नाहीत.

बँकवाले म्हणजे आमचे बाबा. 2024 च्या उन्हाळ्यात ते दादरहून आले ते 42 व्या रणजी करंडकाची हवा डोक्यात घेऊनच. मार्चमध्ये मुंबईनं वानखेडेवर विदर्भाला हरवलं होतं, आणि माझे सासरे नागपूरचे असल्यामुळे बाबांना तो विषय संपवायची घाई नव्हती. बेसबॉल त्यांना आधी पोरखेळ वाटला. मग हाविएर बाएस बॅटिंगला आला.

बाएस हा शिकागोच्या 2016 च्या विजेत्या संघातला हिरा, हातात जादू असलेला शॉर्टस्टॉप. टायगर्सनी 2021 च्या अखेरीला त्याच्याशी सहा वर्षांचा 14 कोटी डॉलरचा करार केला. आणि मग त्याला बाहेर वळत खाली जाणारा स्लायडर दिसेनासा झाला. म्हणजे दिसायचा, पण सोडवायचा नाही. 2024 चं त्याचं ॲव्हरेज .184, म्हणजे हजार वेळा बॅटिंग केली तर हिट जेमतेम 184. बाबा सोफ्यावरून ओरडायचे, "अगं, सोड म्हणावं तो! पाचव्या स्टंपावर आहे! मला इथून दिसतंय!"

"बाबा, त्याला खाली पाठवता येत नाही."

"मग बसवा ना."

"बसवला तरी पैसे द्यायचेच आहेत. करार पक्का असतो."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. बुडीत कर्जाची फाइल समोर आल्यावर त्यांचा चेहरा असाच व्हायचा. मग म्हणाले, "म्हणजे पैसे गेले ते गेलेच. आता तो खेळतो की बसतो, याचा पैशांशी काय संबंध?" आमच्या टेबलावरची शहाणी माणसं वर्षानुवर्षं हेच तर सांगत होती, फक्त त्यांना कुणी ऐकत नव्हतं.

त्याच जून महिन्यात स्पेन्सर टॉर्कलसनला टोलेडोला धाडलं. 2020 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक वाटपात, देशभरातून पहिला उचललेला हा पोरगा. त्याचं लाडकं नाव टॉर्क, गाड्यांच्या गावाला शोभणारं. तो खालच्या लीगमध्ये होता तोवर त्याच्याइतका गुणी माणूस मिशिगनमध्ये नव्हता. 2022 मध्ये वर आला, .203 वर चाचपडला, जुलैत खाली गेला. 2023 मध्ये 31 होमरन. 2024 मध्ये पुन्हा खाली. पंचविशीच्या आत उगवता तारा, फुसका बार, तारणहार आणि पुन्हा फुसका बार एवढे सगळे जन्म एका माणसानं घेतले. टेबलावरची माणसं प्रत्येक वेळी म्हणायची, 'मी तर आधीच सांगितलं होतं.' खरंच सांगितलं होतं. सगळ्यांनी सगळंच सांगितलं होतं.

बाबांना घेऊन एका शनिवारी टोलेडोला गेलो. मैदान गावाच्या ऐन मध्यात, जुन्या विटांच्या इमारतींना चिकटून. तिकीट स्वस्त, हॉट डॉग बरा, पोरांचा गलका. आमच्या पुढच्या रांगेत एक बाई स्कोअरबुक घेऊन बसल्या होत्या. चौकटी आखलेला कागद, कानामागे दुसरी पेन्सिल. के म्हणजे स्ट्राइकआउट: बॅट फिरवून आउट झाला तर सरळ के, नुसता बघत राहून आउट झाला तर उलटा के. बाबा सामना सोडून तो कागद बघत बसले. बाईंनी आपण होऊन वही मागे सरकवली. मड हेन्सचा एक तिशीपलीकडचा गडी, दाढीत थोडं पांढरं डोकावणारा, तिसऱ्यांदा उलटा के झाला तेव्हा बाबांनी विचारलं, "हा कुठं चाललाय? वर की खाली?"

कुठंच नाही. असे पुष्कळ असतात. टोलेडोसाठी फार चांगले, डेट्रॉइटसाठी थोडेसे कमी. त्या वर्षी मोठ्या लीगमधला किमान पगार 7 लाख 40 हजार डॉलर होता, आणि ट्रिपल-ए मधल्या, म्हणजे टोलेडोच्या पायरीवरच्या, साध्या करारावरच्या खेळाडूचा सुमारे 36 हजार. आय-75 चा तेवढाच तुकडा मधे. बाबांना पगाराचं आश्चर्य वाटलं नाही, त्यांना खटकलं ते वेगळंच. मड हेन्स सातव्या इनिंगमध्ये पुढे होते आणि फॉर्मात असलेला त्यांचा पिचर अचानक काढला. डेट्रॉइटला दुसऱ्या दिवशी तो लागणार होता.

"मग इथं जिंकायचं कुणासाठी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रणजी जिंकली तर मुंबई जिंकते. टोलेडो जिंकलं तर डेट्रॉइटमध्ये कुणी पान उलटत नाही, त्यांना फक्त पोरगा तयार झाला का एवढं हवं असतं. परतीच्या वाटेवर बाबा पद्माकर शिवलकरांबद्दल बोलत राहिले. प्रथम श्रेणीत 589 बळी आणि एकही कसोटी नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. बाबांनी हे मला लहानपणापासून ऐकवलंय, पण त्या दिवशी शेवट वेगळा केला. म्हणाले, "निदान मुंबईसाठी तरी खेळला. इथं असता तर आयुष्यभर कुणाची तरी वाट बघत बसला असता."

माझं मत विचाराल तर मी चाचपडणाऱ्या जुन्यांच्या बाजूची आहे, आणि ते काही भूतदयेनं नव्हे. भांडणच मुळात अन्यायाचं असतं. एका बाजूला हाडामांसाचा माणूस, ज्याचा प्रत्येक के आपण डोळ्यांनी पाहिलाय, ज्याचा गुडघा कुठला दुखतो हेही ठाऊक. दुसऱ्या बाजूला एक यादीतलं नाव. न आलेला पोरगा कधी आउट होत नाही. दुरून डोंगर साजरे, आणि ईरी तर टोलेडोहूनही दूर.

त्या याद्यांचंही बघा. टायगर्सनी 2018 मध्ये देशात पहिला म्हणून केसी माइझ नावाचा पिचर घेतला, त्याआधी 2016 मध्ये नववा म्हणून मॅट मॅनिंग. भविष्य म्हणून बोट दाखवायचं ते या दोघांकडे. 2018 च्याच नवव्या फेरीत घेतलेला टॅरिक स्कुबल नावाचा डावखुराही होता, तो तिसरा. माइझच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि वर्षं वाया गेली. मॅनिंगला शेवटी फिलाडेल्फियाला देऊन टाकला. आणि स्कुबलनं 2024 मध्ये 18 विजय आणि 228 स्ट्राइकआउट घेऊन सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला, 2025 मध्ये पुन्हा. केरी कार्पेंटर तर 19 व्या फेरीतला, म्हणजे बाजार उठल्यावर टोपलीत उरलेला माल. त्याच्याबद्दल कुणी भांडलंसुद्धा नव्हतं.

2024 च्या जुलैअखेर टायगर्सनी हार मानल्यासारखा जॅक फ्लॅहर्टी हा चांगला पिचर डॉजर्सना विकला आणि बदल्यात दोन पोरं घेतली. टेबलावर शोककळा. ऑगस्टमध्ये टीम 55 विजय, 63 पराभव अशा गाळात होती. तिथून पुढचे 44 पैकी 31 सामने जिंकून दहा वर्षांत पहिल्यांदा प्लेऑफला गेली. 7 ऑक्टोबरला क्लीव्हलंडमध्ये शून्य-शून्य, नववी इनिंग, दोन आउट, समोर पिचर इमॅन्युएल क्लासे, ज्याच्या नावावर आख्ख्या हंगामात फील्डरांच्या चुका वगळता जेमतेम पाच रन होते. फ्लॅहर्टीच्या बदल्यात आलेला ट्रे स्वीनी बेसवर, आणि कार्पेंटरनं तीन रनांचा होमरन ठोकला. बाबा सोफ्यावरून उठले आणि चष्मा पडला. दोघांनीही पुढची पाच मिनिटं तो शोधला नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात, मोटारीच्या कारखान्यात हयात गेलेले. त्यांच्यासमोर ऑगस्ट 1987 चं नाव काढायचं नाही. त्या महिन्यात टायगर्सना शर्यतीसाठी पिचर हवा होता, म्हणून अटलांटाकडून 36 वर्षांचा डॉइल अलेक्झांडर आणला आणि बदल्यात खालच्या लीगमधला 20 वर्षांचा एक पोरगा दिला. अलेक्झांडर 9 सामने जिंकला, एकही हरला नाही. शेवटच्या आठवड्यात टोरोंटो कोसळलं आणि टायगर्सनी विभाग जिंकला. पुढच्या मालिकेत मिनेसोटासमोर अलेक्झांडर दोन्ही सामने हरला. आणि तो पोरगा जॉन स्मोल्ट्झ निघाला. 213 विजय, 154 सेव्ह (म्हणजे शेवटी येऊन राखलेली आघाडी), 2015 मध्ये हॉल ऑफ फेम. वर पुन्हा मिशिगनचाच, लॅन्सिंगला वाढलेला.

आजोबांना हे दुःख अजून पचलेलं नाही. मी एकदा म्हटलं, की त्या वर्षी खालच्या लीगमध्ये ग्लेन्स फॉल्सला स्मोल्ट्झ 4 सामने जिंकून 10 हरला होता. तेव्हा तुमच्यासकट कोण रडलं असतं त्याच्यासाठी? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन दिवस आमच्या बाजूचं गवत कापायला बाहेर पडले नाही.

2025 मध्ये बाएस सेंटरफील्डला, म्हणजे मागच्या मैदानात मधोमध, जाऊन खेळायला लागला. मे महिन्यात त्यानं बॉस्टनविरुद्ध एकाच सामन्यात तीन-तीन रनांचे दोन होमरन मारले, दुसरा अकराव्या इनिंगमध्ये सामना जिंकून देणारा. जुलैत चाहत्यांच्या मतांवर तो ऑल-स्टार म्हणजे निवडक ताऱ्यांच्या सामन्यासाठी पहिल्या नऊ जणांत निवडला गेला. 'हाकलून द्या' म्हणणाऱ्यांनीच मतं दिली होती. आमच्या टेबलावरच्या एकानं रोज दिली, मला दाखवून. टॉर्कचे पुन्हा 31 होमरन झाले. आणि हंगाम संपल्या संपल्या नवं भांडण लागलं: स्कुबल 2026 नंतर मोकळा होतोय, मागेल तेवढे पैसे त्याला देणार कोण, त्यापेक्षा आत्ताच कुणाला तरी विका आणि चार चांगली पोरं घ्या.

आजोबा विकण्याच्या बाजूचे. पोरं घ्या, म्हणाले, पोरं कधी सोडायची नसतात. 1987 मध्ये आपण हातातल्या दिवसासाठी उद्याचा दिला, आता तसं नको. बर्फ काढायचं फावडं टेकवून त्यांनी मला चारही पोरांच्या खेळाच्या जागा सांगितल्या. नावं अजून ठरायची होती.

त्या रविवारी बाबांना फोनवर हे सांगितलं. तिकडे सकाळ होती, कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"स्कुबलला विकणार?" बाबा म्हणाले. "शुद्धीवर आहेत का ते गृहस्थ? दे त्यांना फोन."