गुलाबी थर दिसला आणि मशीन बंद केलं

सांगलीत गावभागात एका जुन्या घराच्या अंगणातलं सागवानी बाकडं रंगवायचं काम आलं होतं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा हे बाकडं पाच-सहा दिवस पाण्यात होतं, आणि पूर ओसरल्यावर घरच्यांनी ते नीट वाळू न देताच वरून ऑइल पेंटचा एक हात मारून टाकलेला. लाकडात ओल कोंडली की ती बाहेर यायला वाट शोधते, मग रंग फुगतो, फोड येतात. इथं नख लावलं तरी बिस्किटाएवढा पोपडा हातात यायचा.

मावशी म्हणाल्या, "आजच्या आज उरका की, परवा पाव्हणं येणार हाईत." म्हणून मी पोऱ्याला सँडर, म्हणजे घासायचं मशीन, लावायला सांगितला, ८० नंबरचा पेपर, आणि मी खाली बसून पायाकडचं पट्टीनं खरवडायला घेतलं. वरचा हिरवा निघाला, त्याखाली निळा, त्याखाली चॉकलेटी, आणि अगदी लाकडाला चिकटून फिकट गुलाबी.

हात थांबलाच माझा. वडील पेंटरच होते, ते जवसाच्या तेलात सफेदा आणि शेंदूर कालवून लाकडाचा प्रायमर करायचे, तो रंग हाच. सफेदा शिशाचा, शेंदूरही शिशाचाच. आपल्याकडं घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको हा नियम लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ ला, त्याआधीच्या थराची खात्री कोण देणार, त्यामुळं जुना गुलाबी दिसला की मी शिसं आहे असंच धरून चालतो.

मान वर केली तर तुळशीकट्ट्यावर धूळ, दोरीवरच्या कपड्यांवर धूळ, आणि दोन हातांवर मावशींचा नातू, दीडेक वर्षाचा, एक पोपडा मुठीत आणि एक तोंडात. शिशाचा रंग गोडसर लागतो, पोरं थुंकत नाहीत. "बंद कर, बंद कर" म्हणून ओरडलो आणि बोट घालून तुकडा बाहेर काढला. त्याची आई धावत आली, तिला म्हटलं, वहिनी, आधी हात-तोंड धुवा, कपडे बदला, आणि आजच डॉक्टरना विचारून रक्तातलं शिसं तपासून घ्या, हे लहान पोरांच्या मेंदूवर जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

मावशी चिडल्या. "आमची पोरं ह्याच बाकड्यावर वाढली, कुणाला काय झालं न्हाई." त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं, त्यांचा काय दोष, मशीन लावलं होतं मी. मी सांगितलं, चार दिवस जास्त लागतील, पैसे ठरलेत तेवढेच घेईन.

मग दोरीवरचे कपडे परत धुवायला दिले, अंगण ओल्या फडक्यानं पुसून काढलं, बाकड्याखाली जाड प्लॅस्टिक अंथरलं. रंग सोडवायचा रिमूव्हर जाड थापायचा आणि वर लगेच प्लॅस्टिक झाकायचं, नाहीतर आपल्याकडच्या उन्हात तो काम करायच्या आतच सुकून जातो. वीसेक मिनिटांनी झाकण उचललं तर हिरवा-निळा सगळा दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला, पट्टी रेषेरेषेनं ओढली की लांब पट्ट्याच निघत होत्या. पाठीच्या नक्षीत जुना टूथब्रश चालवला. नंतर टर्पेंटाइननं पुसलं, कारण रिमूव्हरचं मेण राहिलं तर नवा रंग धरत नाही. राहिलेला गुलाबी वॉटर पेपरनं पाणी मारत घासला. गरम हवेनं रंग सोडवायची हीट गन गाडीत होती पण काढली नाही, जास्त तापलं तर शिशाची वाफ होते.

पायांची तोंडं उलटी करून बघितली तर कोरी, आजवर एकाही पेंटरनं तिथं ब्रश लावलेला नाही, आणि लाकूड पाणी पितं ते तिथूनच. तीन दिवस सावलीत वाळवलं आणि आधी त्या चार तोंडांनाच प्रायमरचे दोन हात दिले.

त्या पहिल्या संध्याकाळी घरी पोचलो तर पोरगी नेहमीसारखी पळत आली. तिला उंबऱ्याच्या आतच थांबवलं. वडील तीस वर्षं कोरडंच घासायचे, केसांत धूळ घेऊन घरी यायचे आणि आम्हा दोघा भावांना उचलून घ्यायचे. मी मागच्या दारानं न्हाणीत गेलो, कपडे वेगळ्या बादलीत टाकले, डोक्यावरून आंघोळ केली. बाहेर आलो तेव्हा ती उंबऱ्यापाशीच उभी होती.