पाहुणे येणार म्हणून

बेल वाजायच्या आधीची पाच मिनिटं आमच्या घरात फार धावपळीची असतात. खुर्चीवरचे कपडे कपाटात, रद्दी बाल्कनीत, औषधांच्या पट्ट्या ड्रॉवरमध्ये. एकदा असंच कपाटाचं दार पाठीनं रेटून लावताना मला र्युक्यूच्या राज्याची आठवण झाली.

आजचा ओकिनावा म्हणजे जुनं र्युक्यू. १६०९ साली जपानमधल्या सात्सुमाच्या सरदारांनी ते जिंकलं, पण राजा गादीवर तसाच ठेवला. त्याचा चीनशी चाललेला व्यापार त्यांना हवा होता ना! फक्त चीनला कळू द्यायचं नाही. नव्या राजाला मान्यता द्यायला चीनचे दूत यायचे, सोबत शेकडो माणसं. उन्हाळी वाऱ्यावर आले की थंडीतला परतीचा वारा सुटेपर्यंत मुक्काम. (आणि आम्ही आत्या आठवडाभर राहिली तर कुरकुरतो.) तेवढे महिने सात्सुमाचे अधिकारी गुसुकुमा नावाच्या गावात दडून बसायचे. अख्खे मालकच कपाटात!

आता पाहुण्यांची करमणूक. त्यासाठी दरबारात चक्क एक पद होतं, ओदोरी बुग्यो, म्हणजे नाचाचा कारभारी. १७१९ साली शो केई राजाच्या वेळी ते तामागुसुकु चोकुन या खानदानी अधिकाऱ्याकडे होतं. ज्या दरबारात पगडीच्या रंगावरून माणसाची पायरी कळायची, तिथे हा गृहस्थ सरकारी काम म्हणून पोरांच्या तालमी घेत होता. मला त्याचा हेवा वाटतो. गाणं, नाच आणि संवाद गुंफून त्यानं 'कुमिओदोरी' उभं केलं. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करायचे. बालगंधर्वांच्या मुलखात याचं नवल नको.

खरी गंमत पुढेच आहे. चोकुन कामानिमित्त सात्सुमाला, एडोला (म्हणजे आजच्या टोकियोला) जाऊन आलेला. तिथल्या 'नो' नाटकाची छाप त्याच्या खेळांवर स्पष्ट दिसते. एका खेळाची कथा तर 'नो'मधल्या, देवळातल्या घंटेच्या गोष्टीचंच भावंड शोभावं अशी. म्हणजे जपानी माणसं गुसुकुमात लपवली आणि जपान रंगमंचावर आणून चिनी पाहुण्यांसमोर नाचवला. दूतांना काहीच कळलं नसेल, हे मला तरी पटत नाही.

परवा मावशी चहा पीत बसल्या होत्या. कपाटाच्या फटीतून शर्टाची एक बाही लोंबत होती. तिकडे निवांत बघत त्या म्हणाल्या, "घर अगदी छान ठेवलंयस हो."