पणजोबांचं पदक आणि चावडीवरचे पाच जण : महायुद्धातल्या नोंदी शोधण्याचा माझा अनुभव

सातारा, सांगली, रायगड, रत्नागिरी या भागांत पहिल्या महायुद्धातली पदकं आजही कितीतरी घरांत आहेत. कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या देव्हाऱ्यात. पण ते पदक कुठल्या लढाईचं, कशाबद्दलचं, हे विचारलं की घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. माझ्या माहेरीही तेच होतं. शोधायला लागले तेव्हा कुठून सुरुवात करायची हे सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून जसं जसं समजत गेलं तसं लिहून ठेवते आहे.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. पणजोबा ११७ मराठा पलटणीत शिपाई होते. त्यांना आयडीएसएम, म्हणजे इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळालं होतं. हे पदक १९०७ साली सुरू झालं. व्हिक्टोरिया क्रॉस भारतीय शिपायांनाही मिळेल, अशी घोषणा १९११च्या दिल्ली दरबारात झाली. त्याच्या खालोखाल इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट आणि मग आयडीएसएम, असा क्रम होता. अर्थात हे सगळं मला नंतर कळलं. आधी फक्त एवढंच माहीत होतं, की पणजोबांनी बसऱ्याला, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांचा खंदक घेतला आणि मांडीत गोळी घेऊन परत आले. गावात सगळ्याच लढाईला 'बसरा' म्हणतात.

पदक माझ्या चुलत्यांकडे आहे. दसऱ्याला शस्त्रांसोबत त्याची पूजा होते. मी विचारलं, "आप्पा, जरा हातात घेऊन बघू का?" तर म्हणाले, "बघ की. तुझंबी पणजंच हाय त्ये. पण पॉलिश-बिलिश काय करू नगंस." आप्पांचा हा सल्ला अगदी योग्य होता. जुन्या पदकाला कधीही ब्रासो किंवा चिंच लावू नये, कारण सगळी माहिती त्याच्या कडेवर असते. पदकाच्या जाडीवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि घासून घासून तीच आधी जाते. आमच्या पदकाच्या कडेत शंभर वर्षांचं हळदकुंकू बसलं होतं. मऊ कोरड्या ब्रशने ते सैल केलं, पातळ कागदाची पट्टी कडेभोवती गुंडाळली आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासली. नंबर उमटला. त्यामागे 'सिपाही', मग पणजोबांचं नाव, आणि शेवटी ११७ मराठा. आप्पांनी चष्मा पुसून ती पट्टी खिडकीशी धरली, आणि नंबर तीन-चार वेळा मोठ्याने वाचला. त्यांनी आयुष्यभर त्या पदकाची पूजा केली होती, पण हा नंबर ते पहिल्यांदाच ऐकत होते.

या शोधात नंबर नावापेक्षाही कामाचा आहे. इंग्रज कारकुनाने एकच आडनाव चार कागदांवर चार प्रकारे लिहिलेलं सापडतं. नंबर मात्र सहसा बदलत नाही.

पलटणीचा नंबर मात्र बदलला, आणि तिथे पुष्कळ लोक अडतात. १९२२ साली मराठा पलटणींची फेररचना झाली. १०३ मराठा ही पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी आणि ११७ पाचवी. ११४ ही प्रशिक्षणाची दहावी बटालियन झाली. म्हणजे दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे ज्या तिसऱ्या बटालियनचे होते, ती आधीची ११०. आणि सेनिओ नदीच्या काठावर ९ एप्रिल १९४५ रोजी जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून उचलून आणणारे, मग हाताला गोळी लागलेली असताना मशीनगनच्या मोर्चांवर बॉम्ब टाकणारे शिपाई नामदेव जाधव ज्या पहिल्या बटालियनचे, ती आधीची १०३. घरात 'पाचवी मराठा' एवढंच माहीत असेल, तर ती पाचवी बटालियन की पाचवी रेजिमेंट, हे आधी पक्कं करा. त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

भारतीय शिपायांच्या पदकांची घोषणा मुख्यतः भारत सरकारच्या तेव्हाच्या राजपत्रात होत असे. त्या याद्यांवरून तयार केलेली नामावली छापील स्वरूपातही आहे. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्ये लष्करी इतिहासाचं केंद्र आहे, तिथल्या लोकांचं या विषयावर मोठं काम आहे. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरलाही रीतसर पत्र लिहावं, पत्रात नंबर, पलटण आणि पदकाचा फोटो असावा. आमच्या पणजोबांची नोंद यादीत मिळाली, पण त्यांनी नेमकं काय केलं, याबद्दल एक ओळसुद्धा नाही. नाव, हुद्दा, पलटण, संपलं.

मग मी उलटीकडून गेले. पलटण तेव्हा कुठे होती ते वाचलं. ११७ मराठा ही सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनच्या सोळाव्या ब्रिगेडमध्ये होती. एप्रिल १९१५मध्ये बसऱ्याजवळ शैबा इथे तीन दिवस लढाई झाली. १४ एप्रिलला बर्जिसियाच्या झाडीपुढे तुर्कांनी खंदक खणले होते. ते दुरून दिसत नव्हते. समोर सपाट, उघडी जमीन. उन्हाने मृगजळ इतकं, की तोफखान्याला नेम धरता येईना. त्या मोकळ्यातून आमची माणसं, शेजारी डॉर्सेट पलटणीचे गोरे शिपाई, थोडं पुढे जात, जमिनीला चिकटत, पुन्हा उठत पुढे सरकली आणि शेवटी संगिनी लावून खंदकांत घुसली. पणजोबांची गोळी इथलीच. आप्पांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "पानी व्हतं का गं त्यास्नी?" पाण्याचेही हालच होते.

इथपर्यंत आमच्या घरापुरता शोध पूर्ण झाला होता. पण आमच्या गावच्या चावडीवर एक संगमरवरी पाटी आहे. तशा पाट्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने कितीतरी गावांत बसवल्या. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा इंग्रजी मजकूर. आमच्या पाटीवर रंगाचे थरावर थर चढले होते. रात्री बॅटरी बाजूने तिरपी धरली की खोदलेली अक्षरं सावलीने वर येतात, तसं करून आम्ही ती वाचली. न परतलेले पाच. नाव एकाचंही नाही.

मला ते सहन होईना. पणजोबांना पदक मिळालं म्हणून त्यांचा नंबर, नाव, पलटण सगळं धातूवर कोरून घरी आलं, आणि त्यांच्याच सोबत गेलेल्या पाच जणांची गावाला नावंसुद्धा ठाऊक नाहीत. शौर्याचं स्मरण करायचं तर त्या खंदकात शेजारी कोण होतं, हेही कळायला हवं. मग त्या पाच जणांचा शोध सुरू केला.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था. तिच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांची नोंद फुकट शोधता येते. तिथे नावाने शोधू नका. आपल्या शिपायाचं नाव आणि आडनाव कधी एकाच रकान्यात, कधी नुसतं नावच. त्यापेक्षा पलटण निवडा आणि अधिक माहितीच्या रकान्यात गाव किंवा तालुका टाका. तिथे 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, खानापूर, सातारा' अशी नोंद असते. जिल्हा तेव्हाचा टाकायचा. आज सांगलीत असलेले खानापूर, तासगाव, वाळवा हे तालुके तेव्हा साताऱ्यात होते, रायगडचं नाव कुलाबा होतं, आणि सिंधुदुर्ग रत्नागिरीतच होता. गावाच्या नावाचं स्पेलिंग जमेल तितक्या प्रकारे करून बघायचं.

अशा रीतीने तिघं मिळाले. तिघंही ११७ मराठाचे. एकाच्या मृत्यूची तारीख नोव्हेंबर १९१५ची, म्हणजे बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला जी लढाई झाली, तिथली. त्या लढाईत डिव्हिजनचे चार हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले, आणि उरलेले मागे सरकून कूट-अल-अमारा या गावात अडकले. तिथे १४७ दिवसांचा वेढा पडला. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. नाताळच्या आदल्या रात्री कूटच्या किल्ल्याची भिंत फोडून तुर्क आत शिरले, तेव्हा त्यांना अडवणाऱ्यांत १०३ मराठा होती. जानेवारीत पाऊस आणि नदीचा पूर एकदम आला आणि पुढचे खंदक पाण्याने भरले. धान्य संपत आलं, विमानातून पोती टाकावी लागली. सोडवायला निघालेल्या फौजेचे तेवीस हजारांच्या आसपास लोक कामी आले किंवा जखमी झाले, तरी वाट मोकळी झाली नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी वेढ्यात अडकलेल्या फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड शरण गेला. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली.

या तिघांतल्या उरलेल्या दोघांच्या तारखा या शरणागतीनंतरच्या आहेत. म्हणजे ते कैदेत गेले. सामर्‍यापासून मोसुलमार्गे रास-अल-ऐनपर्यंत कैद्यांना वाळवंटातून चालवलं, तिथे रेल्वेच्या कामाला लावलं. हे दोघं त्या वाटेवर कुठे पडले, ते नोंदीत नाही. तिघांचीही नावं बसरा स्मारकाच्या नोंदवहीत आहेत. ते स्मारक १९२९ साली उभं राहिलं. ज्यांच्या कबरीचा किंवा दहनाचा पत्ता नाही, अशा चाळीस हजारांहून जास्त लोकांसाठी ते आहे. पण दगडावर नावं कोरली ती गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांची. आपल्या शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा. अमारा गावच्या डाव्या काठावर हिंदी सैनिकांचं दफनस्थान आहे, तिथल्या सुमारे पाच हजार जणांपैकी ओळख पटलेले फक्त नऊ. कमिशनने स्वतः नेमलेल्या समितीने २०२१ साली हे मान्य केलं, की अंदाजे ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण असमान पद्धतीने झालं आणि १ लाख १६ हजार किंवा त्याहून कितीतरी जास्त जणांची नावं कुठेच लागली नाहीत. त्याबद्दल माफीही मागितली. माफी मागितली हे बरंच झालं, पण नावं शोधायचं काम आपल्यालाच करावं लागणार आहे, असं माझं मत झालं आहे.

चौथा माणूस पलटणीच्या यादीत मिळेना. तेव्हा पलटणीची अट काढून नुसतं गावाचं नाव टाकलं, तर तो खेचरांच्या तांड्यावरचा ड्रायव्हर निघाला. खंदकापर्यंत पाणी आणि दारूगोळा पोचवायचा तो या लोकांनी. शोधताना म्युल कोअर, ट्रान्सपोर्ट, लेबर कोअर, डोलीवाले, भिश्ती हे सगळं बघा. गावातून गेलेले सगळेच बंदूक घेऊन गेले नव्हते, आणि १९१७ साली उभी राहिलेली १११ महार पलटणही नजरेआड करू नका.

पाचव्यासाठी कागद धुंडाळावे लागले. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज देऊन जुन्या फेरफारांच्या नकला मागितल्या. एका ठिकाणी आधी "एवढं जुनं नसतंय" म्हणून परत पाठवलं, मग माहिती अधिकारात अर्ज केल्यावर तोच गठ्ठा निघाला. कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांकडे अजून गर्दी असते, तेव्हा वाट बघायची तयारी ठेवा. गाव नमुना चौदामध्ये, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदीत, परदेशात मेलेल्याची नोंद मिळाली नाही. मिळाली ती वारसाच्या फेरफारात. खातेदार 'लढाईवर मयत', म्हणून बायकोचं नाव लागलं होतं. ती जमीन आज ज्यांच्याकडे आहे, त्या आजींना मी भेटले. त्यांना सासूने सांगितलेलं आठवत होतं, की घरात एक 'बसऱ्याचा' होता आणि त्याच्या बायकोने मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही, कारण मेल्याचा कागदच कधी आला नाही.

ग्रामसभेत ठराव मांडला. थोडी कुजबुज झाली, पदक एकाला आणि पाटी सगळ्यांना का, असंही कुणी म्हणालं. आप्पा उभे राहिले. "आमच्या म्हाताऱ्याचं नाव सगळ्यात शेवटी टाका, पयली नावं न आलेल्यांची," असं म्हणून खाली बसले. ठराव एकमताने झाला. आता जुन्या संगमरवरी पाटीच्या खाली नवी पाटी आहे, मराठीत. पाच नावं, पलटण किंवा खातं, आणि त्याखाली पणजोबा. जुनी पाटी आम्ही हलवली नाही, फक्त रंग काढला, आणि तोही रसायन न वापरता, कोमट पाणी आणि लाकडी पट्टीने.

पाचव्याचं नाव कमिशनच्या नोंदीत लागावं म्हणून अर्ज केला आहे. त्यासाठी तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : तो फौजेत किंवा फौजेच्या कामावर होता, तो ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात वारला, आणि मृत्यू त्या कामामुळे झाला. फेरफाराची नकल आणि तिचं इंग्रजी भाषांतर पाठवलं आहे. मृत्यूचा काळ त्यावरून ठरतो, पण नोकरीचा पुरावा अजून अपुरा आहे. विधवेला पेन्शन मिळत असणार, म्हणून आता जुन्या खजिना कार्यालयाचे पेन्शनचे कागद आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ बघते आहे. खानापूर, तासगाव भागात कुणाच्या घरी १९१६ ते १९२० मधलं कुटुंब पेन्शनचं जुनं पुस्तक असेल, तर त्याचं पहिलं पान कसं असतं तेवढा फोटो मला हवा आहे.