तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिडिओ पंच आणि बंद खोली

सुट्टीत कोल्हापूरला गेलो की एक प्रश्न ठरलेला. "तू लिव्हरपूलला राहतोस, अ‍ॅनफिल्डवर जाऊन मॅच बघतोस, मग फुटबॉलमधल्या व्हिडिओ पंचाला, म्हणजे व्हीएआरला, तुझा विरोध का? चुका कमी झाल्या तर वाईट काय? आणि व्हीएआरचं नाव काढलं की तू ब्रिटनच्या सरकारवर का घसरतोस?" भाचा विचारतो, तालमीतले जुने दोस्त विचारतात. चहा संपेपर्यंत माझं उत्तर कधीच संपत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही, हे आधी सांगतो. १९९२ साली डर्बनला टीव्हीवरचा रिप्ले बघून सचिनला धावचीत दिलं. तसा बाद होणारा तो पहिला फलंदाज, आणि तेव्हाही मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०१३ पासून गोल-लाइनचं तंत्र आहे. चेंडू पूर्ण आत गेला की पंचाच्या घड्याळावर लगेच कळतं. त्यावर भांडण झालेलं मी ऐकलेलं नाही. क्रिकेटमध्ये तिसरा पंच काय बघतोय, काय बोलतोय, ते आपण घरबसल्या ऐकतो. रग्बीतही तसंच. तिथे निर्णय पटला नाही तरी तो कसा झाला हे समजतं.

फुटबॉलमध्ये काय होतं ते स्टँडमध्ये उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. आमच्याच बाजूला गोल होतो. जाळी हलते. पूर्वी त्या क्षणी अनोळखी माणूस गळ्यात पडायचा. आता माझी अकरा वर्षांची मुलगी आधी लाइन्समनच्या झेंड्याकडे बघते, मग व्हिडिओ पंचाचं ऐकायला मैदानावरच्या पंचाचा हात कानाकडे जातोय का ते बघते, मग माझ्याकडे बघून विचारते, "बाबा, ओरडू का?" तपासणी चालू असताना आम्हाला ना चित्र दिसतं, ना आवाज ऐकू येतो. निर्णय कुठे होतोय? लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळच्या स्टॉकली पार्कमधल्या एका खोलीत. तिकिटाचे पैसे भरून, पावसात उभं राहून, सगळ्यात शेवटी कळतं ते आम्हाला.

३० सप्टेंबर २०२३, शनिवार. लंडनच्या टॉटनम क्लबच्या मैदानावर लिव्हरपूलची मॅच. ०-० असताना लुइस दियासनं गोल केला आणि झेंडा वर गेला, ऑफसाइड, म्हणजे पास मिळताना तो बचावपटूंच्या पुढे होता. रिप्लेत स्पष्ट दिसत होतं की तो ऑफसाइड नव्हता. खोलीतल्या व्हिडिओ पंचालाही ते दिसलं. पण मैदानावर गोल दिलाय, असाच त्याचा समज झाला होता. म्हणून त्यानं 'तपासणी पूर्ण' असं कळवलं आणि गोल रद्दच राहिला. काही सेकंदांत खोलीतल्या लोकांच्या लक्षात आलं की घोटाळा झालाय. तोवर खेळ सुरू झाला होता, आणि एकदा खेळ सुरू झाला की मागे जाता येत नाही हा नियम. मॅच तशीच पुढे गेली. आमचा एक जण लाल कार्डानं आधीच बाहेर गेला होता, पुढे दुसराही गेला, शेवटच्या मिनिटांत स्वयंगोल झाला आणि २-१ नं हरलो. तीन दिवसांनी त्या खोलीतलं रेकॉर्डिंग जाहीर केलं, तेव्हा हे सगळं बाहेर आलं.

मला हरल्याचं दुःख झालं, ते होणारच. पण माझ्या मनात सलतं ते वेगळं आहे. सत्य त्या खोलीत होतं. मैदानावरच्या खेळाडूंना आणि स्टँडमधल्या हजारो माणसांना ते कुणी सांगितलं नाही, कारण सांगायची सोयच ठेवलेली नव्हती. हे लिव्हरपूलच्या माणसाला इतकं का झोंबतं, ते कळायला १९८९ मध्ये जावं लागतं. मी राजकारणावर घसरतो ते इथेच.

१५ एप्रिल १९८९. शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपची उपांत्य फेरी, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलीस अधिकाऱ्यानं बाहेर जाण्याचं गेट उघडायला लावलं. लोक बोगद्यातून थेट मधल्या, आधीच भरलेल्या कप्प्यांत शिरले. पुढे लोखंडी जाळी. चेंगरून ९७ माणसं गेली. गेट चाहत्यांनी तोडलं, असं त्याच अधिकाऱ्यानं त्याच दुपारी सांगितलं. ते खोटं होतं, हे त्यानं २०१५ साली शपथेवर कबूल केलं. 'द सन'नं चार दिवसांनी पहिल्या पानावर चाहत्यांवर नाही नाही ते आरोप छापले. आजही या शहरात कित्येक दुकानं तो पेपर ठेवत नाहीत. पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेले होते, हे २०१२ मध्ये बाहेर आलं. आणि आता नीट वाचा: मैदानावर सीसीटीव्ही होता. त्या रात्री नियंत्रण कक्षातल्या दोन टेप गायब झाल्या, त्या आजवर मिळालेल्या नाहीत.

म्हणून 'कॅमेरा आहे म्हणजे सत्य बाहेर येणार' असं कुणी मला सांगितलं की माझा आवाज चढतो. कॅमेरा तेव्हाही होता. टेप कुणाच्या ताब्यात होत्या, आणि त्यांना जाब विचारायचा अधिकार कुणाला होता, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

अ‍ॅनफिल्डवर माझ्या शेजारी बसणारे एक आजोबा त्या दिवशी शेफिल्डला होते. त्याबद्दल ते माझ्याशी इतक्या वर्षांत दोनदाच बोललेत. एकदा एवढंच म्हणाले, की घरी परतल्यावर बूट काढले तेव्हा एका पायातला दुसऱ्याच कुणाचा होता. तो बूट त्यांनी फेकला नाही.

दोष एका पक्षाचा नाही. चाहता म्हणजे गुंड, त्याला जाळीतच कोंडायला हवं, ही दृष्टी हुजूर पक्षाच्या थॅचरबाईंच्या काळातली. त्यांच्या सरकारला चाहत्यांना ओळखपत्रं वाटायची होती. पण १९९७ ला लेबर पक्ष सत्तेवर आला, त्यांनी एका न्यायाधीशाला पुरावे तपासायला लावले आणि नवीन चौकशीची गरज नाही असं ठरवून टाकलं. कुटुंबांना आणखी अकरा वर्षं वाट बघावी लागली.

मग आला २००९ चा १५ एप्रिल. अ‍ॅनफिल्डवर विसावा स्मृतिदिन. मी या शहरात नवा होतो, ऑफिसातल्या एकानं नेलं म्हणून गेलो. मंत्री अँडी बर्नहॅम बोलायला उभे राहिले. स्वतः शहरातल्या दुसऱ्या क्लबचे, एव्हर्टनचे चाहते, लेबर सरकारचे प्रतिनिधी. ते बोलत असताना एक आवाज उठला, मग दुसरा, आणि बघता बघता अख्खं स्टँड म्हणू लागलं: "जस्टिस फॉर द नाइन्टी-सिक्स!" तेव्हा मृतांचा आकडा ९६ होता. बर्नहॅम थांबले. कागद हातात धरून, मान हलवत ऐकत राहिले. माझ्या पुढच्या बाईंचा आवाज फाटला होता तरी त्या थांबत नव्हत्या. त्यानंतर कागदपत्रं उघडली, स्वतंत्र पॅनेल बसलं, अपघाती मृत्यूचा जुना निकाल रद्द झाला आणि २०१६ मध्ये ज्यूरीनं सांगितलं: ही माणसं अपघातानं मेली नाहीत, त्यांना बेकायदा मारलं गेलं, आणि चाहत्यांचा काही दोष नव्हता. सत्तावीस वर्षं लागली. सरकारी माणसांनी खरं बोललंच पाहिजे असं बंधन घालणारं विधेयक सप्टेंबर २०२५ मध्ये कुठे संसदेत मांडलं गेलं. तेसुद्धा पंतप्रधान स्टार्मर यांनी एप्रिलपर्यंतचा शब्द दिला होता तो हुकल्यावर.

स्टँडमधून आवाज उठला तर निर्णय फिरतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. फेब्रुवारी २०१६ मध्ये नवीन स्टँडचं तिकीट ७७ पौंड ठरलं, तेव्हा संडरलंडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला हजारो माणसं उठून बाहेर गेली. मीही गेलो. आम्ही २-० नं पुढे होतो, मॅच २-२ झाली. काही दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि तो दर मागे घेतला. 'बरी' (Bury) नावाच्या क्लबच्या लोकांना मात्र तेवढीही संधी मिळाली नाही. १८८५ चा क्लब, मालकांनी पैशांचा खेळखंडोबा केला आणि २०१९ मध्ये लीगनं बाहेर काढलं. अशा मालकांना आवर घालायला २०२५ मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामकाचा कायदा झाला. मला तो हवाच होता. पण अध्यक्षपदी ज्यांना नेमलं त्यांनी सत्ताधारी लेबर पक्षाला देणग्या दिलेल्या निघाल्या, आणि हे मला अजिबात आवडलेलं नाही.

आता व्हीएआरकडे परत येतो. २०२४ मध्ये वुल्व्ह्ज या क्लबनं ते बंद करायचा ठराव मांडला. हॅरोगेटला बैठक झाली, १९ मतं ते चालू ठेवायच्या बाजूनं पडली, बंद करायच्या बाजूनं एकच. तिथे बसले होते क्लबांचे प्रतिनिधी, सामन्याला येणारा माणूस नव्हता. स्वीडनमध्ये क्लबातली बहुमताची मतं सभासदांकडेच ठेवायचा नियम आहे. तिथे सभासदांनी नको म्हटलं आणि व्हीएआर आलंच नाही. निर्णय कुणाच्या हातात आहे, यावर काय ठरतं ते अवलंबून असतं. इंग्लंडमध्येही मतदान सभासदांचं असतं तर निकाल काय लागला असता याबद्दल मला शंका नाही.

माझी मागणी साधी आहे. राहू दे कॅमेरे. खोलीतला आवाज त्याच क्षणी मैदानात ऐकवा. चूक लक्षात आली तर मॅच थांबवा आणि सांगा.

जानेवारी २०२५ मध्ये लीग कपच्या उपांत्य सामन्यात, पुन्हा टॉटनमच्याच मैदानावर, इंग्लंडमध्ये पहिल्यांदा पंचानं माइकवरून निर्णय सांगितला: गोल रद्द, ऑफसाइड. एकच वाक्य, पण ज्यांच्या समोर खेळ चाललाय त्यांना उद्देशून. त्यानंतर त्यांच्या बर्गवालनं गोल केला आणि आम्ही १-० नं हरलो. थोड्याच वेळापूर्वी त्याला दुसरं पिवळं कार्ड मिळायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. दुसऱ्या पिवळ्या कार्डात व्हिडिओ पंचाला तेव्हा हात घालता येत नव्हता. म्हणजे चूक झालीच असेल तर ती मैदानात, सगळ्यांच्या देखत, शिट्टी हातात असलेल्या माणसाकडून झाली. मी टीव्ही बंद केला, मुलीला झोपायला पाठवलं. २०२३ च्या त्या शनिवारसारखा राग आला नाही.