झोपाळ्याच्या कड्या

आज आजीच्या झोपाळ्याच्या पितळी कड्या उतरवून घासल्या. चिंच-मीठ चोळलं की काळा थर सुटतो, पितळ आधी गुलाबीसर दिसतं, मग राखेने घासल्यावर पिवळंधमक. कड्यांवरच्या मोराच्या पिसाऱ्यातल्या खाचांत कधीची घासायची पावडर पांढरी होऊन बसली होती, ती काडीने कोरून काढली. तारेची घासणी लावू नका हो, नक्षी झिजते! आंबट राहिलं तर हिरवट डाग धरतात, म्हणून दोनदा गरम पाण्याने धुऊन, लगेच पंच्याने कोरड्या करून मेणाचा पातळ हात दिला.

कडीत कडी अडकते तिथे पितळ आतून खोलगट झिजलंय. चाळीस वर्षं आजी तिथे बसायची. बोट तिथेच फिरत राहिलं. उद्या तेवढी कडी तांबटाला दाखवून आणते.