सेल्मा : पुलावरून परत चर्चकडे

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या सेल्माला येणारे बरेच जण थेट पुलावर जातात, फोटो काढतात आणि मॉन्टगोमेरीच्या वाटेला लागतात. आम्ही आधी ब्राउन चॅपलसमोर उतरलो. लाल विटांचं, दोन मनोऱ्यांचं हे चर्च १९०८ सालचं. गोष्ट इथून सुरू होते आणि त्या दिवशी ती इथेच परत आली.

७ मार्च १९६५, रविवार. सुमारे ६०० माणसं इथून दोन-दोनच्या रांगेत निघाली. कृष्णवर्णीयांची नावं मतदारयादीत येऊच दिली जात नव्हती, हे मूळ दुखणं. पण ८७ किलोमीटर चालत राज्याची राजधानी मॉन्टगोमेरीला जायचं ठरलं ते एका मृत्यूमुळे. जवळच्या मॅरियन गावात १८ फेब्रुवारीच्या रात्री चर्चमधून निघालेल्या मोर्च्यावर पोलीस तुटून पडले. आईला मारापासून वाचवायला गेलेल्या जिमी ली जॅक्सनला एका पोलिसाने गोळी घातली. वय २६, लाकूडतोडीचं काम, आपल्या चर्चचा डीकन, म्हणजे चर्चच्या कामात पाद्र्याला मदत करणारा. आठ दिवसांनी तो गेला. त्या पोलिसाने गुन्हा कबूल केला २०१० साली, आणि शिक्षा झाली सहा महिन्यांची. पंचेचाळीस वर्षांनी, सहा महिने! मला अजून ते पचत नाही.

पुलापर्यंत आम्ही चालतच गेलो. एडमंड पेटस पूल मधोमध उंच आहे. चढताना पलीकडचा रस्ता दिसत नाही, नुसतं आभाळ दिसतं. माथ्यावर पोचल्यावरच त्या लोकांना समोर रस्ता अडवून उभे असलेले पोलीस दिसले. खाली अलाबामा नदी. तरी ते पुढे उतरले. मग लाठ्या, अश्रुधूर, घोडेस्वार.

पळणाऱ्यांच्या मागे घोडे थेट चर्चच्या वस्तीपर्यंत आले. पाद्र्यांच्या घरातच जखमींवर उपचार सुरू झाले. मोर्च्याचे एक नेते जॉन लुईस यांच्या कवटीला तडा गेला होता, तरी हॉस्पिटलात जाण्याआधी ते ब्राउन चॅपलमध्ये उभे राहून बोलले: व्हिएतनामला सैन्य धाडणाऱ्या राष्ट्राध्यक्षांना ते सेल्माला का धाडता येत नाही? मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हाकेवर देशभरातून पाद्री, रब्बी (ज्यू धर्मगुरू), नन्स आल्या. बॉस्टनहून आलेले पाद्री जेम्स रीब यांना इथल्या रस्त्यावर गोऱ्यांनी मारलं. ११ मार्चला ते वारले. तरीही २१ मार्चला याच चर्चमधून पुन्हा मोर्चा निघाला आणि २५ तारखेला मॉन्टगोमेरीत पोचला. ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा झाला.

परतताना मी त्याच रस्त्याने चर्चकडे चालले. पुलाच्या उतारावर पाय आपोआप भराभर पडायला लागले. मी मुद्दाम थांबले, कठड्याला धरून. डोळ्यांत धूर, मागे टापा, आणि चर्चचे मनोरे अजून दिसतही नाहीत.